शनिवारचे एक पान

सातवीच्या वर्गात फळ्यावर उणे सात आणि अधिक चार लिहिलेले असतात. उत्तर उणे तीन का येते, हे निम्म्या वर्गाच्या ध्यानात यायच्या बेतात असते. एवढ्यात शिपाई दारात येतो, ‘बाई, सूचना आहे’ म्हणतो आणि लांबट रजिस्टर पुढे करतो. बाई वाचतात, सही करतात, पुन्हा फळ्याकडे वळतात. पूर्वी हा प्रसंग दिवसातून एकदा, फार तर दोनदा घडायचा. आता रजिस्टरची जागा बरीचशी मोबाईलने घेतली आहे. दारात कोणी न येताही सूचना वर्गात शिरते आणि दिवसातून कितीही वेळा शिरते. शाळेबाहेरच्या माणसाला हा कारभारातला किरकोळ तपशील वाटेल. पण शिक्षकांना आठवडाभराच्या सूचना कशा, केव्हा आणि कोणत्या भाषेत मिळतात, यावर वर्गातला तास अखंड राहणार की त्याचे तुकडे होणार हे ठरते, आणि एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती मिळणार की हुकणार हेही ठरते. म्हणून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या उच्च प्राथमिक वर्गांपुरते एक साधे म्हणणे इथे मांडायचे आहे: खरी आणीबाणी सोडून शिक्षकांसाठीच्या सगळ्या सूचना आठवड्यातून एकदाच, एकाच पानावर, सोप्या मराठीत द्याव्यात.

हे म्हणणे पटायचे तर सहावी ते आठवीच्या शिक्षकापर्यंत सूचना कुठून कुठून येतात ते आधी पाहायला हवे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे हे दोन जिल्हे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा म्हणून ओळखले जात. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. दोन्हीकडची शाळांची घडण सारखीच आहे. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत असते. संस्थांचे हायस्कूल बहुधा पाचवीपासून सुरू होते. त्यामुळे एकाच गावातली सातवी कधी जिल्हा परिषदेच्या शाळेत भरते, कधी हायस्कुलात. पहिल्या ठिकाणी सूचना शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडून निघून गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक अशा पायऱ्या उतरत येते. दुसऱ्या ठिकाणी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांचे पत्र थेट मुख्याध्यापकांना येते, शिवाय संस्थेची परिपत्रके वेगळी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी स्थापन केलेल्या आणि पुढे साताऱ्याहून कारभार चालवणाऱ्या रयत शिक्षण संस्थेचीच चारशेहून अधिक माध्यमिक विद्यालये आहेत, त्यामुळे संस्थेचे स्वतःचे वेळापत्रक असणे साहजिक आहे. त्यात प्रशिक्षणाच्या सूचना, पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस आणि सरल यांसारख्या संगणकीय प्रणालींवर भरायची माहिती, आरोग्य तपासणीचे पथक, निवडणुकीचे काम यांची भर पडते. वर टेबले अनेक आहेत, खाली माणूस एकच. प्रत्येक टेबलाची मागणी आपापल्या जागी रास्त असू शकते; त्या सगळ्या मागण्या एकत्र पाहून क्रम लावणारे मात्र कोणी नसते. तो क्रम शिक्षकाने तास चालू असताना लावायचा असतो.

जुनी सूचनावही या बाबतीत शहाणी होती. तिच्यात तारीख असे, सूचनेचा अनुक्रमांक असे, खाली मुख्याध्यापकांची सही आणि समोर प्रत्येक शिक्षकाच्या सहीचा रकाना असे. एक सूचना संपली की खाली आडवी रेघ. ही मांडणी वरवर किरकोळ दिसते, पण तीन कामे चोख करते. ही सूचना कोणी दिली हे कळते, कोणाकोणाला मिळाली हे कळते आणि ती कुठे संपली हेही कळते. शिवाय लिहायला हात लागत असल्याने मुख्याध्यापक मोजकेच लिहीत. वहीतही दोष होते. ती वर्गात फिरली की तास मोडायचा, रजेवर असलेल्या शिक्षकाला चार दिवसांनी कळायचे आणि ‘वाचले’ म्हणून केलेली सही ‘समजले’ म्हणून धरली जायची. तेव्हा वहीकडे परत जा, असे सांगण्यात अर्थ नाही. वहीने जपलेले तीन गुण नव्या साधनात आणता येतील का, हा खरा प्रश्न आहे.

मोबाईलवरचे गट आले तेव्हा ते सोयीचेच होते. पाटणच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेतून एक कागद पोहोचवण्यासाठी तालुक्याला खेप घालावी लागे, ती वाचली. पण पत्र पाठवायला काहीच खर्च नसला की पत्रे किती पाठवावीत याचाही धरबंध उरत नाही. शाळेचा गट, केंद्राचा गट, तालुक्याचा गट, विषयाचा गट, प्रशिक्षणाचा गट, पोषण आहाराचा गट असे गट वाढत जातात आणि एकच पत्र चार गटांतून चार वेळा येते. त्याच प्रवाहात वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, श्रद्धांजली असते आणि मधेच कुठेतरी ‘आज चारपर्यंत’ असे एक वाक्य असते. सकाळची सूचना दुपारी शोधायची तर बोटाने वर वर सरकत जावे लागते. ही तक्रार आता खाजगीत कुजबुजण्यापुरती राहिलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांनी आंदोलन केले. मागण्या मुख्यतः संच मान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या, आणि शिक्षकभरतीच्या होत्या, पण आंदोलनाचा एक मार्ग म्हणून प्रशासकीय व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडण्याचे आवाहन झाले. गट सोडणे हे आंदोलनाचे हत्यार होऊ शकते, यातून शाळेचा कारभार त्या गटांवर किती विसंबला आहे आणि शिक्षकांना त्यांचे ओझे किती वाटते, हे दोन्ही एकदमच उघड झाले. त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, राज्य शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णय काढला होता. कोणते काम कोणाचे, हे त्यामुळे कागदावर आले. काम कसे आणि केव्हा सांगायचे, ही बाजू मात्र तशीच राहिली.

या विस्कळितपणाची किंमत मोजायची तर कायद्यातलेच आकडे घेऊ. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हायला हवे. म्हणजे रोजचे साधारण साडेचार तास. शिक्षकाने आठवड्याला ४५ तास द्यायचे आणि त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे. पाठाचे टाचण, वह्या तपासणे, उद्याच्या प्रयोगाचे साहित्य जमवणे हे सगळे त्यात आले. आता कोणत्याही अहवालाशिवाय घरी बसून करता येईल असा हिशोब करू. सूचनांमुळे एका वर्गाची रोज फक्त पाच मिनिटे गेली, तर २२० दिवसांत १,१०० मिनिटे जातात, म्हणजे अठरा तासांहून जास्त. रोजच्या साडेचार तासांनी भागले तर त्या वर्गाचे वर्षातले चार दिवस गेले. शिवाय मोडलेला तास पुन्हा जुळवायला लागणारा वेळ या पाच मिनिटांत धरलेलाच नाही. उणे सात आणि अधिक चारपाशी सुटलेला धागा पुन्हा हाती येणे किती अवघड असते, ते ज्याने शिकवले आहे त्याला, आणि जो तिथेच अडकून राहिला त्या मुलालाही, चांगले ठाऊक असते.

मग सूचनाच कमी करा, असा सोपा निष्कर्ष कोणी काढील. तो चुकीचा ठरेल, कारण वेळेवर मिळालेली आठवण मुलाचे आयुष्य बदलू शकते. आठवीतल्या मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. शाळेत तिला एनएमएमएस याच नावाने ओळखतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्यात सवलत आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा ऊसतोडीवर जगणाऱ्या घराच्या मुलीला हे पैसे मिळाले तर कदाचित तिचे शिक्षण दहावीनंतरही चालू राहील. पण त्यासाठी अर्ज भरायचा असतो, उत्पन्नाचा दाखला काढायचा असतो आणि दाखल्याला दिवस लागतात. ही सूचना वर्गशिक्षकांना अर्जाच्या मुदतीच्या तीन आठवडे आधी मिळाली तर पालकांना बोलावता येते, तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रात पाठवता येते. तीच सूचना शेवटच्या दिवशी पन्नास संदेशांच्या खाली गाडली गेली तर नुकसान शिक्षकाचे होत नाही, त्या मुलीचे होते. आवाज वाढला की महत्त्वाची गोष्ट ऐकू येईनाशी होते. म्हणूनच सूचना नीट ऐकू यावी यासाठी बाकीचा गोंगाट थांबवायला हवा.

त्यासाठी शनिवार हा आपल्याकडे तयार दिवस आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. मुले घरी गेल्यावर मुख्याध्यापक आणि शिक्षक अर्धा तास एकत्र बसू शकतात. त्या बैठकीत पुढच्या आठवड्याचे एक पान हाती यावे. पानावर चारच भाग हवेत. पहिल्या भागात वारानुसार कार्यक्रम: सोमवारी आरोग्य पथक, बुधवारी पालकसभा, शुक्रवारी घटक चाचणी. दुसऱ्या भागात कोणी, काय, कोणत्या वारापर्यंत द्यायचे. तिसऱ्या भागात पुढच्या तीन आठवड्यांत काय येणार आहे त्याची आगाऊ सूचना. चौथ्या भागात गेल्या आठवड्यातले काय पूर्ण झाले आणि काय राहिले, म्हणजे सूचनेला तिची आडवी रेघ मिळेल. खाली देणाऱ्याचे नाव आणि सह्या. हेच पान शिक्षकखोलीतल्या फलकावर लागेल, त्याचाच फोटो गटावर एकदा जाईल आणि रजेवरच्या शिक्षकालाही मिळेल. बदली तासांचे रोजचे नियोजन अर्थातच सकाळी फलकावर लागेल. ते आठवड्याने सांगता येत नाही. मोठ्या हायस्कुलात हे पान पर्यवेक्षक तयार करू शकतील. दोन शिक्षकांच्या शाळेवर हा भार टाकू नये. तिथे केंद्रप्रमुखांनी केंद्रातल्या सगळ्या शाळांसाठी एकच पान काढावे. केंद्राची मासिक शिक्षण परिषद होतेच. तिच्यातला सूचना वाचून दाखवण्याचा वेळही मग वाचेल आणि परिषद अध्यापनावर बोलायला मोकळी होईल.

पान एकच असले तरी भाषा जुनीच राहिली तर फारसे साधणार नाही. नेहमीच्या पद्धतीने लिहिलेली एक सूचना नमुन्यादाखल पाहा: ‘अत्यंत तात्काळ. उपरोक्त विषयान्वये आपल्या अधिनस्त शाळेतील इयत्ता आठवीच्या पात्र विद्यार्थ्यांची माहिती सोबतच्या प्रपत्रात आजच दुपारी चारपर्यंत सादर करावी. माहिती निरंक असल्यास तसे कळवावे. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’ यात कोणत्या परीक्षेचे काम आहे ते कळत नाही, कोणी करायचे ते कळत नाही, कशासाठी ते तर मुळीच कळत नाही; कळते ती फक्त धास्ती. तीच गोष्ट अशी लिहिता येते: ‘आठवीचे वर्गशिक्षक: एनएमएमएसला बसू शकणाऱ्या मुलांची यादी गुरुवारपर्यंत कार्यालयात द्यावी. उत्पन्नाचा दाखला नसलेल्यांच्या पालकांना बुधवारी दुपारी तीनला शाळेत बोलावले आहे. त्यांना आज निरोप द्यावा. एकही मूल नसेल तर तसे सांगावे.’ लांबी जवळपास तेवढीच, पण वाचणाऱ्याला उठून काय करायचे ते कळते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्रेचा, शालेय शिक्षण कऱ्हाडचे; म्हणजे याच दोन जिल्ह्यांतले. राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत भाषा संचालनालय स्थापन झाले. सामान्य माणसाला कारभार आपल्या भाषेत कळावा, ही त्यामागची इच्छा. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकालाच मराठी सूचना दोनदा वाचावी लागत असेल तर ती इच्छा अर्धीच पुरी झाली. आणि जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथल्या शिक्षकांना सोप्या मराठीची गरज आणखीच जास्त.

या मांडणीवर पहिला आक्षेप मुख्याध्यापकांकडूनच येईल: आम्ही आठवड्याचे पान काढू हो, पण वरूनच ‘आज चारपर्यंत’ येते, त्याचे काय? आक्षेप खरा आहे. पण शाळेचे वर्ष नीट पाहिले तर अचानक येणारे काम दिसते त्यापेक्षा कमी निघते. शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होते. पटसंख्येसाठी ३० सप्टेंबर ही संदर्भतारीख आहे. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला, संविधान दिन २६ नोव्हेंबरला, खंडाळा तालुक्यातल्या नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांची जयंती ३ जानेवारीला, मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला. या तारखा दरवर्षी त्याच असतात, तरी अनेकदा त्यांची सूचना आदल्या संध्याकाळी येते आणि फोटोंची मागणी दुसऱ्या दुपारी. जी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली आहे तिच्यासाठी तातडी नसावी. तालुका आणि जिल्हा कार्यालयांनीही आपल्या मागण्या शुक्रवारपर्यंत एकत्र केल्या तर शनिवारचे पान आपोआप भरेल. जी माहिती एकदा सरल किंवा यू-डायसवर भरली आहे ती पुन्हा कागदावर मागायची नाही, एवढा नेम पाळला तरी पान बरेच मोकळे होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो पुराचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैतही पूर आला. कोयना धरणातून विसर्ग वाढला की पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतल्या नदीकाठच्या शाळांना सुट्टी द्यावी लागते, कुठे शाळेतच निवारा उघडावा लागतो. असा निरोप शनिवारची वाट पाहू शकत नाही, आणि पाहूही नये. किंबहुना आठवड्याच्या पानाचा सर्वात मोठा फायदा इथेच आहे. रोज वीस वेळा ‘अत्यंत तात्काळ’ वाजणाऱ्या फोनवर एकविसावा खरा तातडीचा निरोप वेगळा ओळखू येत नाही. बाकीचे सगळे शनिवारच्या पानावर गेले तर मधल्या वारी वाजलेला फोन म्हणजे काहीतरी खरेच घडले आहे, हे शिक्षकाला लगेच उमजेल. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात तर पान आणखी उपयोगाचे. तापोळ्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात रेंज मिळणे नशिबाची गोष्ट. तिथे आठवड्याचा एक पक्का कागद रोजच्या तुटक संदेशांपेक्षा भरवशाचा.

तिसरा आक्षेप असा की शिक्षक पान तरी वाचतील का? काही जण आजही गटावरचे वाचत नाहीत, पानही वाचणार नाहीत. पण न वाचण्याचे कारण आळसातच शोधू नये. ज्या प्रवाहातल्या दहा गोष्टींपैकी नऊ आपल्यासाठी नाहीत, तो प्रवाह माणूस हळूहळू पाहीनासा होतो. हा मनाचा बचाव आहे. प्रत्येक ओळ आपल्या कामाची आहे हा भरवसा बसला की पान वाचले जाते, जसे घरात गॅसची पावती आणि दुधाचा हिशोब वाचला जातो. आणि तरीही न वाचणाऱ्याला जाब विचारायचा असेल, तर तोही अशा स्वच्छ, सही असलेल्या पानाच्या आधारेच नीट विचारता येईल.

वेळेला कुंपण घालणे आपल्या माणसांना जमत नाही, असे कोणी म्हणू नये. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो आणि फोन सुरू होतात. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मोकळे राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली. वडगावने कायद्याशिवाय, ग्रामसभेच्या ठरावावर आणि शेजाऱ्याच्या भिडेवर दीड तास राखला. तो दीड तास गावाने मुलांच्या अभ्यासासाठी राखला. त्याच मुलांना दिवसभर शिकवणाऱ्या शिक्षकाचे पंचेचाळीस तास राखणे हे त्याच अभ्यासाचे दुसरे टोक आहे, आणि ते राखण्याचे काम गावाचे नाही, कार्यालयांचे आणि मुख्याध्यापकांचे आहे. त्याला नवी योजना नको, निधी नको, ॲप नको. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास, एक कागद आणि तो नीट लिहिण्याची आस्था एवढे लागते. मग सोमवारी फळ्यावर उणे सात आणि अधिक चार लिहिले जातील तेव्हा उत्तर सापडेपर्यंत त्या वर्गात दुसरे कोणी बोलणार नाही.